गंगापूर रोडचं इंग्लंड

संघर्ष पगारेला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं, तर ते साफ खोटं ठरेल. त्याला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, समोरचा सावकाश बोलला तर कळतही होतं. साहेबांच्या मेलमधल्या चुका तो मनातल्या मनात दुरुस्त करायचा (मनातल्या मनातच, नोकरी टिकवायची होती). फक्त बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं की पहिला शब्द दाताशी येऊन थांबायचा, मागचे सगळे त्याच्यावर येऊन आदळायचे आणि शेवटी 'यस, यस' एवढंच बाहेर पडायचं. एकदा अंबडच्या त्याच्या कंपनीत एक इंग्रज पाहुणा आला होता. त्यानं संघर्षला बाथरूम कुठे आहे ते विचारलं. संघर्षनं खिशातलं पेन काढून कागदावर नकाशा काढून दिला. नकाशा उत्तम होता. जिना, पाण्याचा कूलर, आग विझवायचं नळकांडं, सगळं जागच्या जागी दाखवलं होतं. पण तोवर त्या बिचाऱ्या पाहुण्याला फार घाई झाली होती.

आता असल्या माणसाचं काय करायचं? कंपनीनं एक उपाय काढला. कंपनीचाच एक कारखाना इंग्लंडात होता. तिथं दरवर्षी इथल्या एका माणसाला सहा महिने पाठवायचं. तिथं राहायचं, तिथंच काम करायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं आणि तोंड मोकळं करून परत यायचं. मग बाहेरच्या गिऱ्हाइकांशी बोलायची जागा त्याला द्यायची, म्हणजे बढतीच. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं पिंगळे साहेब म्हणाले आणि त्यांनी पहिलं नाव संघर्षचं घातलं. दुसरं नाव त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या शेखरचं होतं, पण त्याची पाळी पुढच्या वर्षी. शेखरची परिस्थिती आणखी बिकट होती. तो 'यस' म्हणतानाही इकडेतिकडे बघायचा.

घरी आल्यावर अंजलीनं, म्हणजे संघर्षच्या बायकोनं, एकच गोष्ट बजावली. तिकीट हातात पडेपर्यंत कुणाला सांगू नका. संघर्षला ते पटलं. म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नाही, फक्त वडिलांना सांगितलं. वडील म्हणजे धोंडीराम पगारे, नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, शब्दाला पक्के. त्यांनी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळलाही. त्यांनी फक्त सहादू अण्णांना सांगितलं. (सहादू अण्णा नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचे अध्यक्ष, खजिनदार आणि लाऊडस्पीकर. त्यांना गुपित सांगितलं की वेगळी दवंडी पिटायला लागत नाही.)

दुसऱ्या दिवशी संघर्ष कामावरून आला तर कॉलनीच्या तोंडाशी तो स्वतःच उभा होता. चांगला दहा फूट उंच, गॉगल लावलेला. मागं एक विमान, एक पूल, एक घड्याळाचा मनोरा आणि खाली 'कॉलनीचे सुपुत्र इंग्लंडला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याच्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात एक तर पाळण्यातलं बाळ होतं. फ्लेक्स लागला म्हणजे सत्कार आलाच. रविवारी विहाराच्या हॉलमध्ये शाल झाली, गुलाबाची फुलं झाली, संविधानाची प्रत झाली. सहादू अण्णांचं भाषण झालं आणि मग न सांगताच धोंडीराम माइकसमोर जाऊन उभे राहिले.

"मी प्रेसमधी होतो, तवा बाहेरदेशाचे साहेब मशिनी बघायला यायचे," ते म्हणाले. "माझ्यापाशी थांबायचे, हसून कायतरी विचारायचे. मी म्हनायचो, यस सर. ते निघून जायचे. मग वाटायचं, धोंडीराम, आज तरी बोलायला पाहिजे व्हतं. ते माझं राहिलं. माझ्या पोराचं नाय राहनार."

एवढं बोलून ते शालीनंच डोळे पुसत खाली बसले. शाल संघर्षची होती, पण त्या वेळी ती कुणाची हे कुणी बघत नव्हतं.  आता काही झालं तरी बाबांसाठी हे तोंड उघडायचंच, असं संघर्षनं मनाशी पक्कं केलं.

सोमवारी सकाळी मेल आला. तिकडच्या कारखान्यात मोठी दुरुस्ती निघाली होती, त्यामुळे संघर्षचं जाणं दोन-तीन महिने पुढे ढकललं होतं. पिंगळे साहेबांनी दिलगिरी दाखवली. पण संघर्षच्या जागेवर एक हंगामी माणूस बसवून झाला होता आणि त्याच्याशी करारही झाला होता. तेव्हा तोवर साठलेली रजा घे, मजा कर, असं ते म्हणाले. (साहेब लोकांना रजा म्हणजे मजा वाटते. त्यांच्या घरासमोर फ्लेक्स नसतो.)

अंजलीनं सरळ सांगितलं, बाबांना खरं सांगून टाका, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. संघर्ष सांगायला गेलाही. बाबा खाटेवर बसून सत्काराची शाल घडी घालत होते. घडी घालायची, पुन्हा उलगडून बघायची, पुन्हा घालायची. संघर्ष म्हणाला, "बाबा, पाणी पाहिजे का?" आणि पाणी देऊन परत आला. बाजारात तुरी असताना वाजंत्री वाजवली की हे असं होतं, असं अंजली म्हणाली. वाजंत्री कुणी वाजवली हे मात्र तिनं बोलून दाखवलं नाही, नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

मग तिनंच मार्ग काढला. तिची मावसबहीण दीपमाला गंगापूर रोडनं धरणाकडे गेलं की लागणाऱ्या एका वाइनच्या कारखान्यात कामाला होती. तिथं द्राक्षबागेत पाहुण्यांना राहायला खोल्या होत्या आणि त्या खोल्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. द्राक्षांचा हंगाम, पाहुण्यांची गर्दी, माणूस हवाच होता. कॉलनीतलं कुणी तिकडं फिरकण्याची शक्यताच नव्हती. पाहुण्यांत निम्मे गोरे असायचे, म्हणजे चार इंग्रजी शब्द कानावरूनही जातील. अंजलीचा बेत एकदम चोख होता. त्यात एकच गोम होती, ती म्हणजे धोंडीराम दारूच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. पण ते इंग्लंडच्या मुलाशी फोनवर बोलणार होते, वास घेणार नव्हते.

ठरल्या दिवशी अख्खी कॉलनी निरोप द्यायला लोटली. संघर्षच्या आईनं, यशोदाबाईंनी, इंग्लंडच्या थंडीसाठी गोधडी बांधून दिली. तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी अशा तीन डब्यांच्या वर चौथा डबा बसेना म्हणून त्या जरा रुसल्या. दीपमालानं पाठवलेली कारखान्याची व्हॅन 'कंपनीची गाडी' म्हणून दारात लागली. तिच्या दारावर द्राक्षाचा मोठा घड रंगवलेला होता. सहादू अण्णांनी त्याबद्दल विचारलंच. कंपनीचा जोडधंदा आहे, असं अंजलीनं पापणीही न हलवता सांगितलं. गाडी घोषणांच्या गजरात निघाली, द्वारका सर्कलपर्यंत मुंबईच्या ऐटीत गेली आणि मग गुपचूप गंगापूर रोडला लागली. संघर्ष गोधडी मांडीवर घेऊन बसला होता. अर्ध्या-पाऊण तासात इंग्लंड आलं.

दीपमाला बोलायला फटकळ. "दाजी, इथं बसून खायला मिळणार नाही, ते सासरी," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या हातात चहाचा ट्रे दिला. पाहुण्यांच्या खोल्यांवर चहा न्यायचा, खुर्च्या मांडायच्या, विचारतील ते सांगायचं. पहिल्या दोन गोष्टी त्याला जमल्या.

तिथं हेलन नावाच्या एक बाई राहायला होत्या. इंग्लंडातल्या एका शाळेत आयुष्यभर शिकवून रिटायर झालेल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि तिकडची थंडी चुकवायला दरवर्षी हंगामभर नाशिकला येणाऱ्या. (म्हणजे बघा, त्या इंग्लंडची थंडी नको म्हणून नाशिकला, आणि हा नाशिकचा माणूस इंग्लंडच्या थंडीची गोधडी घेऊन तिथंच.) बाई बोलक्या, पण बोलायला माणूस मिळेना. इतर पाहुणे दोन दिवस राहायचे, प्यायचे आणि जायचे. चहा घेऊन आलेल्या संघर्षला त्यांनी धरलं. त्या भरभर बोलत राहिल्या आणि संघर्ष आपल्या मोठ्यांपुढे मान डोलवावी तसा डोलवत राहिला. कुणी मोठं माणूस काही विचारत असेल तर 'नाही' कसं म्हणायचं? तो म्हणाला, "यस."

या एका 'यस'नं त्याला रोज सकाळी हेलनबाईंबरोबर बागेतून फिरायला जावं लागलं. दुसऱ्या 'यस'नं त्याला त्यांच्या खोलीत शिरलेला बेडूक पकडावा लागला. तिसऱ्या 'यस'च्या वेळी कारखान्याचे मॅनेजरही तिथं उभे होते आणि ते खूश होऊन संघर्षच्या पाठीवर थाप मारून गेले. आपण काय कबूल केलं हे संघर्षला कळेना. ते त्याला दीपमालानं संध्याकाळी सांगितलं. हेलनबाईंचे पाहुणे उद्या येणार होते, आणि तुम्हाला वाइनबद्दल माहिती आहे का, त्यांना सगळा कारखाना फिरवून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

"तुम्ही हो म्हणालात, दाजी," दीपमाला म्हणाली. "आता माझी अब्रू घालवू नका."

 दीपमालानं रोजच्या गाइडकडून ऐकून ऐकून पाठ झालेलं सगळं त्याला सांगितलं आणि त्यानं ते शाळेत कविता पाठ करायचा तसं येरझाऱ्या घालत पाठ केलं. सकाळी टाक्यांसमोर उभा राहून, हात मागं बांधून, नजर छताला लावून त्यानं ते म्हणायला सुरुवात केली. चांगलं चाललं होतं. इतक्यात एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मधेच काही विचारलं आणि गाडं अडलं. आता कुठून पुढे जायचं ते आठवेना, म्हणून संघर्षनं पुन्हा 'गुड मॉर्निंग'पासून सुरू केलं.

पाहुणे हसले. संघर्षनं डोळे मिटले. पण ते हसणं नाशिकचं नव्हतं. नाशिकमध्ये इंग्रजीचं एक वाक्य बोललं की मागून कुणीतरी म्हणायचंच, आला मोठा साहेब. शाळेत म्हणायचे, कंपनीत म्हणायचे, शेखर तर डब्यातली भाजी चावता चावता म्हणायचा. इथं कुणी ते म्हणालं नाही. त्या म्हाताऱ्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश. संघर्षला प्रश्न कळला. उत्तर पाठ केलेलं नव्हतं. तरी त्यानं दिलं, मोडकंतोडकं, क्रियापदं वाटेत सांडत. म्हाताऱ्याला ते पोचलं आणि त्यानं मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. संघर्षला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की आपल्या तोंडाला काही झालेलं नाही. आपल्याला फक्त ओळखणाऱ्यांची भीती वाटत होती आणि इथं कुणी ओळखत नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं दीपमालाचा ट्रे स्वतःहून धुतला.

तिथून पुढे तो थांबेना. सकाळी हेलनबाईंशी, दुपारी पाहुण्यांशी, संध्याकाळी मॅनेजरशी. चुकायचा, बाई दुरुस्त करायच्या, तो पुन्हा बोलायचा. द्राक्षाच्या घडांशीही इंग्रजीत बोलताना त्याला दीपमालानं पकडलं. अंजली रविवारी मैत्रिणीकडे जाते असं सांगून डबा घेऊन यायची, तर तिलाही त्यानं एकदा इंग्रजीतच विचारलं की बाबा कसे आहेत. ती म्हणाली, बाबा बरे आहेत, पण तुम्ही माझ्याशी मराठीत बोला, मला परक्या माणसाबरोबर बसल्यासारखं वाटतंय. मनातून मात्र ती हरखली होती, कारण जाताना तिनं बहिणीला मिठी मारली.

बाबांचा फोन संध्याकाळी यायचा, व्हिडिओवर. त्या वेळी इंग्लंडात दुपार असते, म्हणून उजेडाची भानगड नको. संघर्ष तळघरात जायचा. तिथं वाइनची लाकडी पिंपं रचलेली असायची आणि एसीमुळे खरोखरच गारठा असायचा. बाहेर मार्चचं ऊन तापलेलं आणि हा आत स्वेटर, कानटोपी घालून, वर गोधडी गुंडाळून उभा. बाबांना ते सगळं पटायचं. फक्त एकदा त्यांनी विचारलं, मागं एवढी पिंपं कसली? संघर्ष गडबडला आणि पाण्याची, म्हणाला. झालं, धोंडीरामांनी कॉलनीत सांगितलं की इंग्लंडात आपल्यापेक्षा वाईट हाल आहेत, लोक पिंपं भरून ठेवतात. कॉलनीला त्या दिवशी नळाला पाणी न आल्याचं दुःख जरा कमी झालं.

असंच एकदा फोन चालू असताना हेलनबाई तळघरात आल्या. फोनमध्ये म्हातारा दिसताच त्यांनी हसून हात हलवला, तुमचा मुलगा फार गुणी आहे असं काहीतरी म्हणाल्या. धोंडीराम ताडकन उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "यस मॅडम." मग फोन बंद झाल्यावर त्यांनी यशोदाबाईंना तीन वेळा सांगितलं की मडम स्वतः बोलल्या. अंजलीनं हे सांगितलं तेव्हा संघर्षला हसू आलं नाही. बाबांना फसवतोय, हे त्याला टोचायला लागलं होतं. खरं काय ते एकदा इंग्लंडला खरंच जाऊन मग सांगू, असं तो स्वतःला समजावत राहिला.

पण सहादू अण्णा स्वस्थ बसले तर ना. रिटायर मंडळींची सहल काढायची त्यांना हौस. या वेळी त्यांनी गंगापूर धरण काढलं. वर, एवढे परदेशी लोक विमानानं येऊन बघतात तो वाइनचा कारखाना तरी काय आहे ते बाहेरून बघू, प्यायचं कुणालाच नाही, असा पुरवणी कार्यक्रम जोडला. अंजलीला हे कळलं तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर निघून गेली होती. तिनं फोन केला, पण संघर्षचा फोन खोलीत चार्जिंगला होता आणि संघर्ष तळघरात पिंपांसमोर होता. समोर हेलनबाई आणि सातआठ गोरे पाहुणे. तो अगदी रंगात आला होता, हातवारे करत होता, आणि बाहेरून बघता बघता मागच्या दारातून टोपीवाली मंडळी आत शिरली.

सगळ्यांत पुढे धोंडीराम. नाकाला रुमाल लावलेला.

संघर्षनं बाबांना बघितलं आणि त्याची बोबडी वळायची वेळ आली. बाबांनी अजून त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं, पण सहादू अण्णांची नजर घारीची. "हा तर आपला संघर्ष," ते म्हणाले. सगळी सहल थबकली. आता काय करायचं? माणूस घाबरला की जे तोंडात बसलेलं असतं तेच बाहेर येतं. संघर्षच्या तोंडात इंग्रजी बसलं होतं. यू आर मिस्टेकन, सर, तो फाडकन म्हणाला, माझं नाव वेगळं आहे, मी या देशात नवीन आहे, आणि मी नाशिक रोडला आयुष्यात कधी गेलेलो नाही.

(नाशिक रोडचं नाव कुणी काढलंच नव्हतं. पण ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही.)

धोंडीराम रुमाल खाली घेत पुढे आले. त्यांनी मुलाकडे बघितलं, कारखान्याच्या काळ्या एप्रनकडे बघितलं, मग त्याच्यामागच्या पिंपांकडे. ती पिंपं त्यांच्या ओळखीची होती.  हेलनबाईंनी त्यांना ओळखलं आणि हात हलवला. मग धोंडीरामांनी घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, इंग्रजीत तोंड उघडलं.

"यू स्पीक गुड इंग्लिश," ते म्हणाले. "व्हेअर यू लर्न?"

संघर्षच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिअर, सर," तो म्हणाला.

"देन स्पीक," धोंडीराम म्हणाले. "आय लिसन."

संघर्ष बोलला. शब्द अडले नाहीत. द्राक्ष कधी तोडतात, रस कसा निघतो, पिंपात किती काळ ठेवतात, पाहुण्यांनी विचारलं त्याची उत्तरं, हेलनबाईंनी मुद्दाम विचारलेल्या अवघड प्रश्नाचंही उत्तर. धोंडीराम सगळ्यांत पुढे उभे राहून ऐकत होते. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण रुमाल त्यांनी पुन्हा नाकाला लावला नाही.

फेरी संपल्यावर मात्र त्यांनी संघर्षला क्रेटच्या ढिगाऱ्यामागं नेलं आणि मराठीत सुरुवात केली. ती बोलणी सगळी इथं देण्यासारखी नाहीत. इंग्लंडला म्हणून निघालास नि दारूच्या कारखान्यात सापडलास, तुझ्या आईनं गोधडी दिली ती लाज झाकायला का, अशा अर्थाची होती. संघर्षनं खाली मान घालून सगळं खरं सांगितलं. मेलचं सांगितलं, शालीच्या घडीचं सांगितलं. ते ऐकून धोंडीराम एका क्रेटवर बसले.

"मला सांगायचं ना," ते म्हणाले. "मी काय फ्लेक्ससाठी रडलो व्हतो का रे? तुझं तोंड उघडावं म्हनून रडलो. ते उघडलंय. रिक्षानं येता येतं तिथं उघडलंय, एवढंच." मग त्यांनीच त्याच्या डोळ्यांवरून रुमाल फिरवला, तो मघाचाच.

सहादू अण्णांना धोंडीरामांनी सांगितलं की परदेशी पाठवायच्या आधी कंपनी पोरांना परदेशी माणसांत ठेवते, त्याला ट्रेनिंग म्हणतात. अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथं दुसऱ्या सत्काराची तारीख काढायला घेतली. धोंडीराम म्हणाले, तिकीट हातात पडू दे. घरी गेल्यावर हे ऐकून अंजलीनं सासऱ्यांना चहाबरोबर भजी केली.

आणि मग कंपनीचा निरोप आला. दुरुस्ती संपली होती. जायच्या आधी एकदा तिकडच्या मोठ्या मॅडमशी व्हिडिओवर बोलून घ्यायचं होतं, नेहमीची रीत म्हणून. संघर्ष इस्त्रीचा शर्ट घालून पिंगळे साहेबांच्या केबिनमध्ये बसला. मॅडमनी विचारलं, कसे आहात? एरवी इथंच 'यस' झालं असतं. पण आता संघर्ष होता हेलनबाईंच्या तालमीतला. कसा आहे ते त्यानं सांगितलं, नाशिकची हवा कशी आहे ते सांगितलं, कंपनीच्या मालात कुठं अडचण येते आणि ती कशी काढता येईल ते सांगितलं, एक विनोदही केला. मॅडम खदखदून हसल्या. पिंगळे साहेब त्याच्याकडे असे बघत होते की जणू मुका बैल अचानक गायला लागला. संघर्षला वाटलं, आता लागलं विमान.

मॅडमनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाल्या, तुमचं बोलणं इतकं सुंदर आहे तर तुम्हाला इथं आणून आम्ही शिकवायचं काय? ही योजना ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे. पिंगळे साहेबांनाही ते शंभर टक्के पटलं. गिऱ्हाइकांशी बोलायची जागा संघर्षला आजपासूनच द्यायची, बढतीसकट, आणि इंग्लंडला शेखरला पाठवायचं, कारण गरज त्याला आहे. संघर्ष आणखी काही बोलणार होता, पण बोलेल तितकं जाणं लांब जाईल हे त्याच्या ध्यानात आलं.

घरी बढतीचे पेढे वाटले गेले. धोंडीराम प्रत्येकाला सांगत होते, माझा पोरगा इथं बसून इंग्लंडशी बोलतो. अंजलीला फार आनंद झाला. काखेत कळसा नि गावाला वळसा, ती हसत म्हणाली, तुमचा तर वळसाही नाशकातच झाला. संघर्षला बढती हवीच होती, बाबांचं तोंडभर हसूही हवं होतं, ते सगळं मिळालं होतं. तरी विमान डोक्यावरून गेलं की तो वर बघायचा.

शेखर इंग्लंडला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा व्हिडिओ आला, चेहरा रडवेला. तिकडं कुणी बोलतच नाही, म्हणाला. मशीनवर उभे राहतात, कानात ते गाण्याचे बोळे घालतात, सुट्टी झाली की आपापल्या गाडीत बसून निघून जातात. राहायला जागा मिळाली ती एका जळगावच्या कुटुंबात, तिथं भरीत आणि मराठी. बोलायचं कुणाशी? तेव्हा तूच रोज अर्धा तास माझ्याशी इंग्रजीत बोल, नाहीतर मी जसा आलो तसाच परत येईन.

संघर्षला राग यायला हवा होता, पण आपण कुठून आलो हे तो विसरला नव्हता. तो रोज संध्याकाळी अंबडच्या कंपनीत बसून इंग्लंडातल्या शेखरला इंग्रजी बोलायला शिकवू लागला. शेखर चुकायचा, संघर्ष दुरुस्त करायचा, शेखर पुन्हा बोलायचा. आला मोठा साहेब असं संघर्ष एकदाही म्हणाला नाही. हळूहळू शेखरचं 'यस'च्या पुढचं इंग्रजी सुटलं. मग तो मशीनवरच्या माणसांशीही बोलायला लागला, आणि त्यांनी खरोखरच कानातले बोळे काढले.

सहा महिन्यांनी मोठ्या मॅडमचा मेल आला. शेखरची प्रगती थक्क करणारी आहे, असं त्यात होतं. पिंगळे साहेबांनी सगळ्यांना बोलावून तो मेल छापून आणून मोठ्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि संघर्षच्या खांद्यावर हात ठेवून हळहळत म्हणाले, "बघ, परदेशाची हवाच वेगळी. तू गेला असतास, तर तूही शेखरसारखं बोलला असतास."